१०८०पीच्या स्क्रीनवर बसून १४४०पीचं कार्ड कसं ठरवलं

माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डच्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, कमाल रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातले आडवे-उभे ठिपके (पिक्सेल), ७६८०×४३२०. म्हणजे ८के. कार्ड कुठलं, तर जीटीएक्स १६६० सुपर, २०१९ मध्ये आलेलं, ६ जीबीवालं. हे वाचून मी दोन दिवस नुसता हवेत होतो, की आपलं कार्ड ८के काढतंय म्हटल्यावर १४४०पी (२५६०×१४४०) त्याच्यापुढे चिल्लरच की, नुसता मॉनिटर आणायचा आणि लावायचा. आतेभावाला सांगितलं (वयाने माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, या विषयात सात वर्षांनी मोठा) तर तो फोनवर हसतच सुटला. म्हणे, "दादा, तो आकडा केबलमधून चित्र बाहेर काढायचा आहे रे, गेम चालवायचा नाही. डेस्कटॉप दिसेल, आयकॉन दिसतील, छान दिसतील. गेम लावलास की एकेक फोटो बघत बसशील."

झालं. हवा गेली. पण २७ इंची १४४०पी मॉनिटरचं खूळ काही डोक्यातून जाईना, कारण ऑफिसच्या कामाला माझ्या २४ इंची १०८०पीवर (१९२०×१०८०) दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या की दोन्ही अर्धवट दिसायच्या आणि मान वाकडी करून वाचायला लागायचं. मग प्रश्न असा की मॉनिटर घेतला तर हेच कार्ड चालेल का, नाही चालणार तर किती कमी पडेल आणि कुठलं घेतलं म्हणजे पुरेल. हे जिथे तिथे विचारलं तर एकच उत्तर, "ते १०८०पीचं कार्ड आहे." बरं, कुणी ठरवलं? कुठल्या गेममध्ये? कार्डवर काय शिक्का मारून देतात का? मला माझे गेम, माझा प्रोसेसर, माझी सेटिंग यावर उत्तर पाहिजे होतं.

आतेभावाने तेव्हा एक गोष्ट सांगितली आणि तिथून सगळं सुरू झालं. १४४०पीचा मॉनिटर नसताना १४४०पीची परीक्षा घेता येते. एनव्हिडियाच्या (माझ्या कार्डची कंपनी) कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर नावाची सोय आहे, डायनॅमिक सुपर रिझोल्यूशन, २०१४ पासून आहे म्हणे आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही. त्यात १.७८ च्या समोरच्या चौकटीत टिक केलं की १०८०पीच्या मॉनिटरवरसुद्धा गेमच्या सेटिंगमध्ये २५६०×१४४० दिसायला लागतं, ४.०० ला टिक केलं की ३८४०×२१६०, म्हणजे ४के. कार्ड खरोखर तेवढे पिक्सेल रंगवतं आणि मग चित्र आकसून तुमच्या छोट्या स्क्रीनवर दाखवतं. म्हणजे कार्डची मेहनत पूर्ण १४४०पीची. आकसायचं थोडंसं काम वर पडतं त्यामुळे आकडा खऱ्या १४४०पीपेक्षा किंचित कमीच येतो, जे अंदाज बांधायला चांगलंच. एएमडीच्या कार्डला हीच सोय व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन नावाने आहे.

आता हे १.७८ कुठून आलं तर साधा गुणाकार आहे, पण तो मी तोपर्यंत कधी केलाच नव्हता. १९२०×१०८० म्हणजे २० लाख ७३ हजार पिक्सेल. २५६०×१४४० म्हणजे ३६ लाख ८६ हजार, पहिल्याच्या १.७८ पट. आणि ४के म्हणजे जवळपास ८३ लाख, बरोबर चौपट. मला उगाच वाटायचं की १०८० वरून १४४० म्हणजे तिसरा हिस्साच तर वाढतोय. तो उंचीत वाढतो आणि रुंदीतही वाढतो, हे लक्षातच घेतलं नव्हतं.

पहिली टेस्ट तर अशी गंडली की विचारू नका. शॅडो ऑफ द टूम्ब रेडर लावला, कारण त्यात आतच बेंचमार्क (वेग मोजायची ठरलेली चाचणी) आहे, दरवेळी तोच बाजार तीच गर्दी, म्हणजे तुलना करता येते. १०८०पीला आले ७४ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ७४ चित्रं (फ्रेम). मग ७२०पीला लावलं, म्हटलं बघू किती चढतात, तर आले ७५. मी तडक निष्कर्ष काढला की प्रोसेसर गेला, रायझन ५ ३६०० आता म्हातारा झाला, आधी तो बदलायला लागणार. अर्धी संध्याकाळ प्रोसेसर बघत बसलो. मग सहज ओव्हरलेकडे (खेळताना कोपऱ्यात आकडे दाखवणारी पट्टी) लक्ष गेलं तर कार्ड ५०-५५ टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसरपण निवांत, दोघेही हातावर हात ठेवून बसलेले. व्हीसिंक, म्हणजे गेमचा वेग मॉनिटरच्या वेगाला बांधून ठेवणारी सेटिंग, चालू होतं. माझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा, सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा, त्यामुळे गेम ७५ च्या वर जातच नव्हता. तर बाबांनो कुठलीही टेस्ट करायच्या आधी व्हीसिंक बंद, फ्रेम लिमिट बंद, गेममधलं वेगळं, ड्रायव्हरमधलं (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं, दोन्ही बघा.

व्हीसिंक काढल्यावर खरे आकडे आले. सगळ्यात वरची प्रीसेट ठेवून १०८०पीला ८२, डीएसआरने १४४०पीला ५४, आणि हौस म्हणून ४केला २८. प्रत्येक टेस्ट तीनदा केली, पहिली फेकून दिली कारण पहिल्या वेळी गेम सगळं लोड करत असतो आणि गचके जास्त येतात.

हे आकडे बघितल्यावर मला पहिला धक्का चांगला बसला. पिक्सेल १.७८ पट झाले तर एफपीएस ४६ वर यायला हवे होते ना, आले ५४. का? तर कार्डचं सगळंच काम पिक्सेलवर अवलंबून नसतं. सावल्यांचे नकाशे, आकार उभे करणं, अशी बरीच कामं रिझोल्यूशन काहीही असलं तरी तेवढीच राहतात. मग मी एफपीएस सोडून एका फ्रेमला लागणारा वेळ काढला, १००० भागिले एफपीएस, एवढंच. ८२ म्हणजे १२.२ मिलिसेकंद. ५४ म्हणजे १८.५. फरक ६.३ मिलिसेकंद, आणि तो वाढीव १६ लाख पिक्सेलचा. म्हणजे दर दहा लाख पिक्सेलला साधारण ३.९ मिलिसेकंद. मागे हिशोब केला तर पिक्सेल सोडून बाकीचं कायमचं काम ४ मिलिसेकंदांच्या आसपास. याच हिशोबाने ४केचं उत्तर काढलं, ४ अधिक ८.३ गुणिले ३.९, आले साडेछत्तीस मिलिसेकंद, म्हणजे २७ एफपीएस. प्रत्यक्षात आले होते २८. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. शाळेत गणितात कधी एवढा आनंद झाला नव्हता. (हे दरवेळी इतकं चपखल बसत नाही, व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, संपली की सगळा हिशोब कोसळतो, ते पुढे येईलच.) आतेभावाचं मधेच टुमणं होतं की ३४४०×१४४० चा लांबडा अल्ट्रावाइड घे, त्याचंही काढून टाकलं, साडे४९ लाख पिक्सेल, ४३ एफपीएस. मॉनिटर न बघता तो विषय संपला.

मग उलटी टेस्ट. रिझोल्यूशन खाली आणायचं, ७२०पी, बाकी सेटिंग तीच. यामागचा विचार असा की पिक्सेल इतके कमी करायचे की कार्डला काही कामच उरू नये, मग जो आकडा येईल तो प्रोसेसरचा. मला ११६ आले आणि गेमनेच शेवटी दाखवलं की जीपीयू बाउंड (कार्डमुळे अडलेला वेळ) फक्त ८ टक्के, म्हणजे जवळपास पूर्ण वेळ प्रोसेसरच मागे ओढत होता. याच गेमने १४४०पीला जीपीयू बाउंड १०० टक्के दाखवलं होतं. तर ११६ हे माझ्या घराचं छत. जगातलं सगळ्यात भारी कार्ड आणलं तरी या गेममध्ये या प्रोसेसरवर ११६ च्या वर जाणार नाही, मग रिझोल्यूशन कुठलंही असो.

इथे एका गोष्टीने मला बरेच दिवस फसवलं होतं म्हणून सांगतो. ओव्हरलेमध्ये प्रोसेसर ४५ टक्के दिसतो म्हणून लोक म्हणतात प्रोसेसर मोकळा आहे. तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. माझ्याकडे ६ कोअर १२ थ्रेड (एका वेळी कामाच्या १२ रांगा), त्यातला एक थ्रेड घामाघूम आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले, तरी सरासरी ४५ च दिसणार. त्यापेक्षा कार्डकडे बघायचं. कार्ड ९७-९९ टक्क्यांवर आहे म्हणजे कार्डच कमी पडतंय. कार्ड ७० टक्क्यांवर आहे आणि कुठलीच लिमिट लावलेली नाही, म्हणजे ते कुणाची तरी वाट बघतंय, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे प्रोसेसर.

माझा दुसरा गेम सिटीज स्कायलाइन्स, शहर बांधायचा, २०१५ चा जुना. माझं शहर आहे लाख-दीड लाख वस्तीचं, तीन वर्षं बांधतोय. तिथे १०८०पीला ३४, १४४०पीला ३३, ७२०पीला ३५. काय फरकच नाही! कार्डचा पंखा पण शांत. त्यात प्रत्येक माणसाचा, प्रत्येक गाडीचा रस्ता प्रोसेसर ठरवत बसतो, पिक्सेलशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे हा गेम मी १४४०पीवर आज, याच कार्डवर, फुकटात खेळू शकत होतो, जसा रडत चालतो तसाच रडत चालणार. आणि कुणी विचारलं असतं की "१६६० सुपर १४४०पीला चालतं का" तर एकाच घरात, एकाच मशीनवर एका गेमसाठी हो आणि एका गेमसाठी नाही.

तिसरा सायबरपंक २०७७. इथे खरी मजा. मीडियमच्या आसपासची सेटिंग, १०८०पीला ५८, १४४०पीला ३८. ३८ म्हणजे मला नको. पण त्यात एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र रंगवून मोठं करून दाखवायची एएमडीची सोय) आहे, आणि एफएसआर २ चा क्वालिटी मोड १४४०पीला आतमध्ये १७०६×९६० वर रंगवतो आणि मग वर खेचतो. म्हणजे बघा, कार्ड १०८०पीपेक्षाही कमी पिक्सेल रंगवतंय, वरून खेचायची मेहनत वेगळी. मला आले ५४. म्हणजे जवळपास १०८०पीएवढेच. (डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाची तशीच सोय, या कार्डवर चालत नाही, त्याला त्यांचं आरटीएक्स मालिकेचं कार्ड लागतं, पण त्याचंही माप हेच, क्वालिटीला प्रत्येक बाजू दोन तृतीयांश आणि परफॉर्मन्सला निम्मी.) तेव्हा कुणी सांगितलं की अमुक कार्ड ४केला ६० देतं, तर पहिलं विचारायचं की आतून किती. ४के परफॉर्मन्स म्हणजे आतून १०८०पी. वाईट दिसतं असं नाही, ४केला बरंच छान दिसतं, पण मोजताना आपण नक्की काय मोजतोय ते कळायला नको का? आणि फ्रेम जनरेशन मी हिशोबातच धरलं नाही. मधल्या फ्रेम बनवून घुसवल्या की आकडा फुगतो, दिसायला गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावरचा उशीर मूळ फ्रेमवरच ठरतो. ३० चे ६० करून खेळलं की हाताला लगेच कळतं.

व्हीरॅमचं सांगायचं राहिलं. सायबरपंकमध्ये एकदा हौसेने टेक्स्चर (भिंती, रस्ते, कपड्यांवर चढवलेली चित्रं) सगळ्यात वर नेले, १४४०पी, आणि गाडी घेऊन शहरातून सुसाट. सरासरी एफपीएस दोनच कमी झाले म्हणून मी खूश, पण खेळताना प्रत्येक चौकात एक गचका. ओव्हरलेमध्ये व्हीरॅम ५,८०० च्या पुढे गेलेली, ६ जीबी काठोकाठ, आणि फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळाची) रेघ जी एरवी शांत समुद्रासारखी असते तिच्यात दर काही सेकंदांनी एक सुळका, २५ मिलिसेकंदांवरून एकदम ९०-१००. सरासरी ३६, १ टक्का लो (सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा वेग) १४. तेव्हा मला कळलं की सरासरी हा आकडा किती गोड बोलून फसवतो. एक मिनिटाच्या खेळात चार गचके आले तर सरासरीवर त्याचा ओरखडापण उठत नाही, पण खेळणाऱ्याच्या डोक्याला मात्र ताप. टेक्स्चर एक पायरी खाली आणले, गचके गायब, आणि खरं सांगतो चित्रात फरक शोधायला मला थांबून भिंतीला नाक लावायला लागलं. नुसतं रिझोल्यूशन वाढवल्याने व्हीरॅम तेवढी खात नाही जेवढं लोकांना वाटतं, टेक्स्चरच जास्त खातात. पण दोन्ही एकत्र वाढवले की ६ जीबीवर मुश्कील आणि ८ जीबीवरही नव्या गेममध्ये काटकसर.

एवढं सगळं वहीत लिहून झाल्यावर मग चार्ट बघायला बसलो, ज्यात एकाच मशीनवर वेगवेगळी कार्डं लावून त्यांचे एफपीएस दिलेले असतात. आधी बघायचो ते १०८०पीचे, कारण माझा मॉनिटर १०८०पीचा. आता १४४०पीचे बघितले तर कार्डांचं आपापसातलं अंतर वेगळं. १०८०पीला भारी कार्डं सगळी एका जागी गोळा झालेली असतात, कारण तिथे चार्टवाल्यांचा महागडा प्रोसेसरसुद्धा त्यांना पुरा पडत नाही. रिझोल्यूशन वाढलं की ती सुटी होतात. उलट काही मधली कार्डं वर गेल्यावर दमतात. आरएक्स ६६०० एक्सटी बघा, १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) आणि ३२ एमबीचा इन्फिनिटी कॅश (चिपमधलाच छोटा, जलद साठा), एएमडीने ते आणलंच १०८०पीसाठी. पिक्सेल वाढले की त्या छोट्या कॅशमध्ये माल मावत नाही, मग सारखं मेमरीकडे पळायला लागतं आणि तो रस्ता अरुंद. एएमडीच्याच ६७०० एक्सटीला १९२ बिट, ९६ एमबी कॅश आणि १२ जीबी. त्यामुळे दोघांतलं अंतर १०८०पीला जेवढं दिसतं त्यापेक्षा १४४०पीला जास्त दिसतं. हे मला नुसते १०८०पीचे चार्ट बघून कधीच कळलं नसतं.

आणि मग माझा हिशोब एकदम सोपा झाला. चार्टमध्ये आपलं जुनं कार्ड शोधायचं, नवं शोधायचं, १४४०पीच्या पानावर, आणि किती पट ते काढायचं. त्या पटीने आपला स्वतःचा मोजलेला आकडा गुणायचा. मग तो आकडा आणि आपलं प्रोसेसरचं छत, यात जो लहान तो आपल्याला मिळणार. ६७०० एक्सटी मला साधारण दुप्पट दिसत होतं, ५४ दुणे १०८, छत ११६. म्हणजे जवळजवळ पूर्ण कार्ड वापरलं जाणार, वाया काही नाही. तेच १०८०पीवर राहून घेतलं असतं तर ८२ दुणे १६४, आणि छत ११६. जवळपास तिसरा हिस्सा कार्ड नुसतं बसून राहिलं असतं. त्याच्याही वरचं, तिप्पट ताकदीचं घेतलं असतं तर १४४०पीलासुद्धा वायाच. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० पण बरेच दिवस मनात होतं, ११५ वॉटच खातं, डीएलएसएस मिळतं, पण ८ जीबी आणि १२८ बिट बघून मागे फिरलो, शिवाय ते बोर्डाशी ८ च लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं आणि माझा मदरबोर्ड जुना पीसीआयई ३ वाला, म्हणजे त्याच्या वाटा हळू. ज्याचा बोर्ड नवा आहे, गेम हलके आहेत आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) छोटा आहे त्याने तेच घ्यावं, मी काही नाही म्हणणार नाही.

पण कार्ड लगेच घेतलं नाही. आधी मॉनिटर. कारण वहीत दिसत होतं की सायबरपंक एफएसआरवर ५४, टूम्ब रेडर ५४, शहर जैसे थे, म्हणजे जुन्या कार्डवर चारपाच महिने निघतात. २७ इंची, १६५ हर्ट्झ. पहिल्या दिवशी मजकूर असा टोकदार दिसला की मी जुन्या मॉनिटरवर इतकी वर्षं काय वाचत होतो असं झालं. २४ इंची १०८०पीला एका इंचात ९२ पिक्सेल बसतात, याला १०९. ऐकायला फार नाही वाटत, पण डोळ्याला वाटतं. एक तोटाही लगेच दिसला, गेम १०८०पीवर लावून १४४०पीच्या स्क्रीनवर ताणला तर सगळं दुधाळ, कारण १४४० भागिले १०८० म्हणजे सव्वापेक्षा थोडं जास्त, एका पिक्सेलचे सव्वा पिक्सेल कसे करणार? ४केवर १०८०पी बरं बसतं, एकाचे सरळ चार होतात. तर १४४०पी घेतला की स्क्रीनच्या मूळ रिझोल्यूशनलाच खेळायचं आणि झेपलं नाही तर एफएसआर, हे मनाशी पक्कं करूनच घ्या.

आणि मग दोन घोळ, दोन्ही माझेच. पहिला म्हणजे तीन आठवडे मी १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर चालवत होतो. विंडोजने लावल्या लावल्या ६० धरलं आणि मी कधी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलोच नाही. वर घरी सगळ्यांना दाखवत होतो, बघा किती स्मूथ आहे. आतेभाऊ आला, माउस गोल फिरवला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा साठवर आहे." मला राग आला आधी. मग उघडून बघितलं. साठवर होता.

दुसरा घोळ याहून भारी. टूम्ब रेडर लावला तर ३७ एफपीएस. ५४ कुठे गेले? ड्रायव्हर परत टाकला, कार्ड काढून धूळ झाडून परत बसवलं, तापमान बघितलं, ठीक. मॉनिटरनेच काहीतरी केलं असणार असं ठरवून परत करायचं म्हणून खोकं माळ्यावरून खाली काढलं. मग गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशनची ओळ नीट वाचली. ३४१३×१९२०. डीएसआरची टिक तशीच राहिली होती! जुन्या मॉनिटरवर १.७८ म्हणजे १४४०पी, नव्या मॉनिटरवर १.७८ म्हणजे हे भलतंच, आणि गेमने आपला मोठ्यात मोठा आकडा उचलला. टिक काढली, ५५ आले. खोकं परत माळ्यावर.

त्या ५५ बद्दल एक सांगायला पाहिजे. जुन्या मॉनिटरवर ५४-५५ त्रासदायक वाटायचे, इथे नाही वाटले. अडॅप्टिव्ह सिंकमुळे. मॉनिटरची रेंज ४८ ते १६५ आणि फ्रेम जशी येईल तसा तो ताजा होतो, त्यामुळे ५० आणि ६० च्या मध्ये हेलकावे खाल्ले तरी चित्र फाटत नाही की अडखळत नाही. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंसुद्धा फ्रीसिंकवाल्या (एएमडीच्या अडॅप्टिव्ह सिंकच्या) मॉनिटरवर हे करतात, फक्त ड्रायव्हरमध्ये चालू करायला लागतं. त्यामुळे कार्डने मॉनिटरच्या १६५ पर्यंत पोचलंच पाहिजे असला हट्ट मी सोडून दिला. १६५ म्हणजे दर ६ मिलिसेकंदांना एक फ्रेम, माझ्या प्रोसेसरचं छतच ११६ वर असताना कुठून आणू?

पाच महिन्यांनी ६७०० एक्सटी आणलं. २३० वॉट खाणारं, एएमडी ६५० वॉटचा एसएमपीएस सांगते आणि माझा ४५०, त्याला कार्डसाठी ८ पिनची एकच वायर. तेव्हा आधी एसएमपीएस बदलला, एक अख्खा रविवार कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वायरी कोंबण्यात गेला. कॅबिनेटमध्ये कार्ड मावेल का ते मात्र आधी पट्टीने मोजलं होतं, एवढी अक्कल तोपर्यंत आली होती. जुने एनव्हिडियाचे ड्रायव्हर पुसले, नवे टाकले, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बघितले (१६५), रिझोल्यूशनची ओळ दोनदा वाचली, व्हीसिंक बंद, आणि तोच बाजार तीच गर्दी. १०४. वहीत लिहिलेलं १०८. जीपीयू बाउंड ७९ टक्के, म्हणजे अधूनमधून छताला डोकं लागतंय. सायबरपंक एफएसआरशिवाय, टेक्स्चर सगळ्यात वर, ७४, व्हीरॅम आरामात आणि फ्रेमटाइमची रेघ सरळ, चौकात गाडी कितीही वेगाने घातली तरी.

आतेभावाला स्क्रीनशॉट पाठवले. त्याने १०४ बघून अंगठा पाठवला आणि विचारलं, "आणि शहर?"

शहर उघडलं. नदीकाठच्या पुलावर नेहमीसारखा ट्रॅफिक जाम, वर कोपऱ्यात आकडा. ३४.